गोड बोलण्याची बरणी

आई,

वर्गात बाई म्हणायचं आणि घरी आई, हा तुझा नियम. शाळेच्या पायरीशी चप्पल काढली की तू बाई व्हायचीस, आणि परत येताना कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपाशी पुन्हा आई. मी तो नियम इतका पाळला की अजून तुझी आठवण आली की आधी ठरवावं लागतं, दोघींपैकी कोणाची येते आहे. आज वर आई लिहिलं आहे, पण भांडण आहे ते बाईंशी. तू गेलीस त्या वयाहून मी आता कितीतरी मोठी आहे. तेव्हा मोठ्या माणसाने बोलावं तशी बोलणार आहे. मध्ये बोलू नकोस.

आज सकाळी इथे जे. पी. नगरात एका शाळेत जाऊन आले. निवृत्त मुख्याध्यापिका म्हणून मला अधूनमधून बोलावतात, खुर्चीत बसवतात, शाल देतात आणि घरी सोडतात. या वेळी निमित्त होतं दयाळूपणाचा आठवडा. म्हणजे आठवडाभर मुलांनी दयाळू वागायचं आणि जो वागेल त्याच्या शर्टाला पिवळ्या कागदाचा सूर्य लावायचा. मी बसले होते तिथून दिसत होतं, पहिल्या रांगेतल्या एका मुलीची पेन्सिल पडली. ती उचलून द्यायला दोन मुलं एकदम झेपावली. एकाने दुसऱ्याला कोपराने ढकललं, दुसऱ्याने पेन्सिलीवर पाय ठेवला, आणि ती मुलगी आपली पेन्सिल मोडताना बघत राहिली. ज्याच्या हाती मोठा तुकडा लागला त्याला सूर्य मिळाला. टाळ्या झाल्या, मीही वाजवल्या. नंतर तिथल्या तरुण मुख्याध्यापिकेने मला अगदी आदराने विचारलं, मॅडम, तुमच्या लहानपणी शाळेत हे कसं शिकवायचे? मी म्हटलं, बरणीतून. तिला वाटलं, म्हातारी थट्टा करते आहे. घरी येईपर्यंत रिक्षात माझा जीव नुसता जळत होता. तिच्यावर नव्हे, तुझ्यावर.

ती बरणी आठवते ना? चिनी मातीची, वर पांढरी आणि गळ्याशी तपकिरी, तुझ्या आईने निपाणीहून लोणचं भरून पाठवलेली. लोणचं संपलं आणि तू ती शाळेत नेलीस. जगात तिळगूळ संक्रांतीला करतात, आपल्याकडे तो बारा महिने व्हायचा. रविवारी दुपारी अण्णा जेवून आडवे झाले की तू स्टोव्ह पेटवायचीस आणि मला हाक मारायचीस. तीळ मी भाजायचे, दाणे मी सोलायचे, फोलपटं फुंकून मागच्या अंगणात मी उडवायचे. तू पाकाशी. पाक झाला की नाही हे बघायला पाण्याच्या वाटीत थेंब टाकायचीस आणि बोटांनी त्याची गोळी करून माझ्या तोंडात घालायचीस. तूप लावलेल्या ताटात थापलेलं ते मिश्रण गरम असतानाच सुरीने कापावं लागे, आणि तू अशा रेघा मारायचीस की एकही वडी वाकडी होत नसे. त्यातली एक मागितली तर म्हणायचीस, ही शाळेची आहे. आपल्या स्वयंपाकघरात, आपल्या गुळाची, माझ्या हातांनी भाजलेल्या तिळाची वडी, आणि ती शाळेची. सोमवारी ती बरणी माझ्याच कडेवर बसून शाळेत जायची.

शाळा म्हणजे तरी काय, राजाजीनगरात मराठी मंडळाच्या हॉलमागे दोन खोल्या. वस्ती तेव्हा नवी होती, निम्मे प्लॉट मोकळे, रस्त्यांना नावं नाहीत, नुसते पहिला क्रॉस, दुसरा क्रॉस असे आकडे. इतक्या लांब कानडी मुलुखात येऊन मुलांचं मराठी जाऊ नये म्हणून मंडळाने चौथीपर्यंतचे वर्ग काढले आणि शिकवायला तुला बोलावलं, कारण तुला मराठी शिकवता येत होतं आणि शेजारपाजारशी कानडीत भांडताही येत होतं. मुलं दोन तऱ्हेची. एक सरकारी कारखान्यांत नोकरीला आलेल्यांची, पुण्या-नाशिककडची, पांढऱ्या मोज्यांची. दुसरी इथल्याच जुन्या मराठी घरांतली, ज्यांचे पणजे-खापरपणजे कधीतरी इकडे आले आणि इथलेच झाले, ज्यांच्या घरी थोरल्या बहिणीला अक्का आणि थोड्याला स्वल्प म्हणत. या दोन तऱ्हांचं जमत नसे. मधल्या सुट्टीत रोज काहीतरी धुमसायचं, आणि तू त्यावर बरणी काढली होतीस.

कोणी भांडलं की कपाट उघडायचं. दोघांच्या हातावर एकेक वडी ठेवायची. त्यांनी ती एकमेकांना द्यायची आणि म्हणायचं, गोड बोल. मग खायची, आणि विषय संपला. कोणी सुरू केलं, कोणाला लागलं, हे तू विचारतच नव्हतीस. भांडण उकरलं की वाढतं, असं तुझं म्हणणं. पाहुणे आले की तुझं कोण कौतुक व्हायचं. छडी नाही, अंगठे धरणं नाही, काय सुंदर कल्पना. मुलांनी मात्र ती कल्पना आठवड्यात ओळखली होती. शेवटच्या तासाला भूक लागली की दोन सख्खे भाऊ ठरवून एकमेकांच्या शेंड्या ओढत आणि तुझ्यापुढे येऊन उभे राहत. आज बघितलेल्या पिवळ्या सूर्यवाल्यांची आणि त्यांची कुळी एकच. आणि माझ्या बाबतीत तर आणखी एक नियम होता. बाईंची मुलगी म्हणून वडी आधी मी द्यायची. माझी वेणी कोणी बाकाला बांधली तरी आधी मी. मी चिडून घरी काही बोलले तर म्हणायचीस, तू आधी दिलीस तर तुझं काय जातं? ते काय जात होतं हे मला तेव्हा सांगता आलं नाही. आजही नीट सांगता येत नाही, पण जात होतं.

माझ्या बाकावर जी बसायची, ती तुला विसरणं शक्य नाही. रंगाऱ्याची मुलगी. कॉटनपेठेकडून चालत यायची. वडील रेशमाचं सूत आणि साड्या रंगवायचे, आणि घरी सगळ्यांनाच कामाला हात लावावा लागे. त्यामुळे तिचे हात कोपरापर्यंत कधी निळे, कधी हिरवे, कधी लग्नसराईत लालभडक. मला त्या हातांचा हेवा वाटायचा. सोमवारी कोणता रंग असेल यावर आम्ही पैज लावायचो. गणितात ती वर्गात पुढे होती, आणि हसायला लागली की थांबायची नाही. कारखान्यातल्या एका मोठ्या साहेबांची मुलगी तिच्या मागच्या बाकावर होती. तिचे वडील मंडळाचे सेक्रेटरी, म्हणजे आपल्या दोन खोल्या त्यांच्याच शब्दावर. ती रंगाऱ्याच्या मुलीला हात लावू द्यायची नाही, म्हणायची रंग लागतो. रंग पक्का असतो, वाळल्यावर लागत नाही, हे तिला सगळ्यांनी सांगितलं होतं. रंगाचं नुसतं निमित्त होतं.

या दोघी तुझ्यापुढे किती वेळा आल्या असतील. पाटीवर थुंकली, डबा लपवला, वेडावून दाखवलं, आणि दर वेळी तीच वडी. साहेबांची मुलगी त्यात पटाईत झाली होती. चिमटीत वडी धरून ती पुढे करायची, गोड बोल म्हणायची ते असं की तुझं मन भरून यायचं. आणि रंगाऱ्याच्या मुलीने दिलेली वडी मुठीत धरून बाहेर जायची आणि हॉलमागच्या गटारात टाकायची. हे मी पाहिलं होतं आणि तुला सांगितलंही होतं. तू म्हणालीस, चहाडी करू नये.

मग तो माठाचा दिवस. शिमगा होऊन गेलाय, पत्र्याखाली वर्ग तापलाय. पाणी द्यायची पाळी दर आठवड्याला बदलते आणि या आठवड्यात ती माझ्या बाकावरच्या मुलीची आहे. सकाळी लवकर येऊन तिने माठ घासून भरलाय, वर ओलं फडकं गुंडाळलंय. हात त्या दिवशी निळे आहेत. मधल्या सुट्टीत ती ओगराळं घेऊन उभी राहते आणि साहेबांची मुलगी म्हणते, मी नाही पिणार. तिच्या मागची म्हणते, मीपण नाही. बघता बघता कोणीच पुढे येत नाही. मी जाते, तिच्या हातचं पाणी पिते, आणि मला वाटतं आता सगळ्या येतील. कोणी येत नाही. साहेबांची मुलगी माठापाशी जाते, दोन्ही हातांनी तो कलता करते आणि सगळं पाणी पडवीत ओतून देते. कोणालाच प्यायला नको, म्हणते. माठ हातातून सुटतो, फुटतो. ओल्या फरशीवर खापऱ्या पडल्यात, मुली हसतायत, आणि ती ओगराळं तसंच धरून उभी आहे.

तू आलीस. फुटलेला माठ पाहिलास, दोघींना पाहिलंस. मी सांगायला तोंड उघडलं तर हात वर करून मला गप्प केलंस. आणि कपाट उघडलंस, आई. तेव्हाही कपाटच उघडलंस.

साहेबांच्या मुलीने वडी घेतली, पुढे केली, म्हणाली गोड बोल. अगदी चोख. रंगाऱ्याच्या मुलीच्या हातावर तू वडी ठेवलीस, ती तिने घेतली, पण हात पुढे केला नाही.

"दे तिला," तू म्हणालीस.

"मी देनार नाही, बाई," ती म्हणाली. "ते सरी नाही."

सरी म्हणजे बरोबर, योग्य. एवढं कानडी त्या वर्गात सगळ्यांनाच कळत होतं. पुण्याच्या मुलीसुद्धा हसल्या नाहीत. ती ओरडून बोलली नव्हती, रडतही नव्हती. एखादं गणित चुकलं आहे हे दाखवून द्यावं तसं तिने सांगितलं होतं. तू तिच्याकडे बघितलंस. मला वाटलं, आता तू विचारशील काय झालं. तू म्हणालीस, देईपर्यंत उभी राहा. आणि पुस्तक उघडून पुढचा धडा सुरू केलास.

ती शाळा सुटेपर्यंत उभी होती. निळ्या तळहातावर ती वडी, उन्हाने तिचा गूळ सुटायला लागलेला. मी शेजारी बसून तिचे पाय बघत होते. एक पाय दुखला की ती दुसऱ्यावर भार द्यायची. साहेबांची मुलगी पुढे केलेली वडी स्वतःच खाऊन, बोटं चाटून, धडा वाचत होती. सुटल्यावर तू मला म्हणालीस, पुढे हो, मी येते. त्या दिवशी मी पिठाच्या गिरणीपाशी थांबले नाही. दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली नाही. तिसऱ्याही नाही. कळलं ते एवढंच की तिला तिच्या घराजवळच्या कानडी शाळेत घातलं. माझ्या बाकावरची जागा परीक्षेपर्यंत रिकामी राहिली. तिच्या घरी जाऊन तिला परत आण असं मी तुला म्हटलं होतं, हात धरून म्हटलं होतं. तू म्हणालीस, ज्याने त्याने आपलं ठरवायचं असतं. तेव्हापासून मी तुझ्याशी बोलणं टाकलं.

अबोला मी मनापासून धरला. जेवायला हाक मारलीस की यायचे, वाढलंस तेवढं खायचे, वर बघायचे नाही. अण्णांनी एकदा विचारलं, हिला काय झालंय, तर तू म्हणालीस काही नाही, परीक्षा आली आहे. आणि मग एका सकाळी माझ्या उशाशी खिडकीत वाटी होती आणि वाटीत एक वडी. शाळेची. तू काही बोलली नव्हतीस, मी काही विचारलं नाही. संध्याकाळी वाटी रिकामी होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक वडी. असं बरेच दिवस चाललं. शेवटी एकदा भाकरी थापता थापता, माझ्याकडे पाठ करून, तू विचारलंस, वड्या खातेस ना? मी म्हटलं, नाही, कावळ्याला घालते. अबोल्यानंतरचं ते माझं पहिलं वाक्य. तुला लागावं म्हणूनच म्हटलं होतं. तू तव्यावरची भाकरी उलटलीस. मग म्हणालीस, बरं, त्याचं तरी तोंड गोड झालं. दुसऱ्या दिवसापासून वाटी नव्हती.

जूनमध्ये मी मोठ्या शाळेत गेले आणि त्याच सुमाराला बरणी घरी आली. अण्णांनी विचारलं तर म्हणालीस, मुंग्या लागतात. पुन्हा ती कधी शाळेत गेली नाही. म्हणजे तुला कळलं होतं. काहीतरी नक्की कळलं होतं, नाहीतर तू कसली मुंग्यांना भिणार होतीस, तू मंडळाच्या सभेत सेक्रेटरींना गप्प करणारी बाई. पण चुकलं असं म्हणायला तुझी जीभ वळली नाही. दोष मुंग्यांवर गेला. मी तुला कधी विचारलं नाही आणि तू कधी सांगितलं नाहीस. त्यानंतर आपण खूप बोललो, बाजाराचं, परीक्षांचं, अण्णांच्या खोकल्याचं. हे सोडून सगळं बोललो.

मी ट्रेनिंग कॉलेजात होते तेव्हा तुला कावीळ झाली आणि बघता बघता तू गेलीस. दहाव्याला अण्णा आणि काका पिंड घेऊन गेले. बायकांनी जायचं नव्हतं, आम्ही घरीच. दुपार कलली तरी ते आले नाहीत. आले ते उन्हाने करपून. कावळा शिवेना, अण्णा म्हणाले. झाडावर होते, ओरडत होते, पण एकही खाली उतरेना. मुलीच्या लग्नाचं बघीन म्हणून सांगितलं, शाळा बंद पडू देणार नाही म्हणून सांगितलं, काही केल्या नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. मग मावशी आणि आत्या स्वयंपाकघरात बसून तुझी काय इच्छा राहिली असेल याचा काथ्याकूट करत राहिल्या. दोघींनी मला विचारलं, तुला काही बोलली होती का गं? मी नाही म्हटलं आणि पाणी आणायला उठले.

ती पुन्हा भेटली ती त्यानंतर काही वर्षांनी. मला जयनगरात नोकरी लागली होती. पहिल्या पगाराच्या साडीला मॅचिंग रंगात परकराचं कापड रंगवून हवं होतं म्हणून बाजारात एका दुकानात गेले, आणि गल्ल्यामागे ती. चेहरा मला लागलीच ओळखता आला नाही, हात आला. त्या दिवशी हिरवा होता. नवऱ्याचं दुकान, रंगकाम तिचं. माझ्याकडे बघून ती हसायला लागली आणि थांबेचना. तू गेल्याचं तिला कळलं होतं. मला स्टुलावर बसवून तिने कॉफी मागवली आणि मी, इतकी वर्षं साठवलेलं, एका दमात बोलून टाकलं. की आईने तुझ्यावर अन्याय केला, तिच्या वतीने मी माफी मागते, मला ते अजून सहन होत नाही. ती ऐकत राहिली. मग म्हणाली,

"अगं, पण बाई पण उभ्याच होत्या की."

मला कळेना. ती म्हणाली, तुला आठवत नाही? बाईंचे पाय सुजायचे, त्या खुर्चीत बसूनच शिकवायच्या. त्या दिवशी बसल्याच नाहीत. मी बघत होते ना, मला दुसरं काम काय होतं? सुटल्यावर सगळ्या गेल्या आणि त्यांनी माझ्या हातातली वडी काढून घेतली. ओल्या फडक्याने हात पुसला. विचारलं, पाय दुखले? मी म्हटलं नाही. त्या म्हणाल्या, माझे दुखले. मग विचारलं, उद्या येशील? मी म्हटलं नाही.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, म्हणाल्या, सरी. कोपऱ्यापर्यंत सोडायला आल्या." तिने कॉफीचा पेला खाली ठेवला. "माझ्या घरी असतं तर मूठ उघडून द्यायला लावली असती गं. बाईंनी तसं केलं नाही. स्वल्प वाईट वाटलं, पण राग नाही आला."

परकराचे पैसे तिने घेतले नाहीत. मी दुकानातून बाहेर पडले ती समाधानाने नव्हे. तू समजत असशील की हे ऐकून माझं मन भरून आलं असेल, तर तसं काही झालं नाही. मी आणखी भडकले. पाय दुखले का हे तू दाराशी विचारलंस, कोणी नसताना. उभं मात्र केलं होतंस सगळ्या वर्गासमोर. तिने तुला माफ केलं हा तिचा मोठेपणा, पण त्या खोलीत आणखी मुली होत्या. त्या घरी काय शिकून गेल्या? की कोणाचं पाणी ओतून द्यावं आणि चिमटीत वडी धरून गोड बोलावं. की जिचं पाणी ओतलं तिने गोड बोलायचं नाकारलं तर उभं राहायचं तिने. साहेबांची मुलगी त्या दिवशी काय शिकली असेल, याचा विचार केलास का कधी? तू चांगली होतीस गं, ते मला कोणी सांगायला नको. पण वर्गात जे दिसतं तेच मुलं शिकतात, आणि तुझा चांगुलपणा तू सगळ्या मुली घरी गेल्यावर बाहेर काढलास. खोल्या जातील म्हणून भ्यायली होतीस का? तसं असेल तर तसं सांगायचं होतंस मला. मी समजून घेतलं असतं. निदान आज घेते आहे.

आणि मी तरी काय मोठं केलं? पुढे सगळी नोकरी मी ठरवून तुझ्या उलट वागले. भांडण झालं की खोदून विचारलं, कोणी काय केलं, आधी कोण. ज्याने केलं त्याला सगळ्यांसमोर उभं केलं, ज्याला लागलं त्याच्या बाजूने उभी राहिले. कोणालाही जबरदस्तीने हात मिळवायला लावला नाही. मुलं मला घाबरायची. माझ्या देखत कोणी कोणाचा डबा लपवत नसे. माझी पाठ वळली की लपवत असत, हे मला माहीत होतं. तुझ्या वर्गात खोटं गोड बोलणं शिकवलं जायचं आणि माझ्या वर्गात बाई बघत असताना नीट वागणं. आज त्या पेन्सिल मोडलेल्या मुलीकडे कोणी बघितलं नाही, आणि खरं सांगायचं तर खुर्चीतून उठून मीही गेले नाही, शाल अंगावर होती. इतक्या वर्षांत मला एवढंही कळलेलं नाही की मुलांना हे शिकवतात कसं. तुला ठाऊक असेल असं वाटून मी तुझ्यावर चिडते. तुलाही ठाऊक नव्हतं, म्हणून आणखी चिडते.

माठ फुटला त्या दिवशी मी मात्र तिच्या हातचं पाणी प्यायले होते. ते मला कोणी शिकवलं होतं, हा प्रश्न मघापासून इथे लिहिता लिहिता मध्ये येतो आहे. त्याचं उत्तर मी आज देणार नाही, कारण उत्तर दिलं तर भांडण संपेल.

हे पत्र कुठे जायचं नाही हे मला कळतं. बरणी अजून माझ्याकडे आहे, तिच्यात आता आमसुलं असतात. संक्रांतीला शेजारच्या अक्का एळ्ळु-बेल्ल, म्हणजे त्यांचा तिळगूळ, देतात, ते घेते आणि खाते. स्वतः तिळाची वडी केली नाही कधी. पाक जमतो, तुझ्यासारख्या सरळ रेघा येत नाहीत.

एक सांगायचं राहिलं. दहाव्याला कावळा शिवला नाही तेव्हा स्वयंपाकघरातून उठून जाताना मला रडू आलं होतं, ते मावशीला वाटलं तसं नव्हतं. झाडावरच्या त्या कावळ्यांना तुझा काय उपकार ठाऊक असणार? तुझ्या हातची वडी त्यांनी कधी चाखलीच नव्हती. तू एकटी पुढे शाळेची वाट धरलीस की मी मागे राहून रोज खिडकीशी जाऊन वाटी उचलायचे. तळाचा चुरासुद्धा बोटाने टिपून घ्यायचे. सगळ्या वड्या मीच खाल्ल्या, आई.